आईचे बोट धरून गेलेली मुले

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो ‘परदेशातील आपली मुले’ असा. हा विषय निघाला की तिकडचा गणेशोत्सव, रविवारची मराठी शाळा, दिवाळीचा फराळ यांविषयी ऐकावयास मिळेल असे साहजिकच वाटते. ते सारे आहेच, आणि फार गोड आहे. बावीस वर्षे अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात संसार केल्यामुळे त्याविषयी मी तासभर बोलू शकेन. परंतु त्या बावीस वर्षांत तेथल्या आपल्या घरांतून एक काळजी मी जवळून पाहिली, आणि तिच्याविषयी इकडे फारसे कोणी बोलत नाही. ती काळजी कागदाची आहे. लहानपणी आईबापांबरोबर गेलेली मुले वयात आली म्हणजे त्या देशात राहण्याची परवानगी त्यांना स्वतःच्या नावावर पुन्हा पुन्हा मागावी लागते. ते मागणे कसे असते, त्यात काय पणाला लागते, आणि इकडे बसलेल्या आपण आज्या, मावश्या, आत्या यांनी त्यात काय करावे, एवढेच आज सांगावयाचे आहे. मी वकील नव्हे. आमच्या वस्तीतल्या बायकांना अर्ज भरावयास मदत करता करता जे कळले ते सांगते.

पहिल्याने शब्द समजून घेऊ. आपण सरसकट सगळ्यालाच ‘व्हिसा’ म्हणतो. पण व्हिसा म्हणजे नुसती दाराशी दाखवावयाची चिठ्ठी. ती पासपोर्टात चिकटविलेली असते. आत आल्यावर किती दिवस राहता येईल ते निराळ्या नोंदीवर लिहिलेले असते, आणि त्या नोंदीला आय-९४ म्हणतात. व्हिसाची मुदत संपली, पण आय-९४ ची तारीख शिल्लक असली, तर माणूस तेथे कायदेशीर राहतो. उलट व्हिसा पुढे दोन वर्षे चालणार असला आणि आय-९४ ची तारीख उलटली, तर तो बेकायदा ठरतो. यात आणखी एक बारीक गोम आहे. पासपोर्ट ज्या दिवशी संपतो त्याच्या पुढची तारीख विमानतळावरचा अधिकारी बहुधा देत नाही. आपल्याकडे लहान मुलांचा पासपोर्ट साधारणपणे पाच वर्षांचाच असतो. त्यामुळे एकाच विमानातून उतरलेल्या घरच्या माणसांपैकी आईबापांना अडीच वर्षे आणि धाकटीला सात महिने, असे घडते. कोणी ती नोंद उघडून पाहिली नाही, तर सात महिन्यांनी ती पोर रोज डबा घेऊन शाळेत जात असतानाच कायद्याबाहेर जाते, आणि घरात कोणाला पत्ताही नसतो.

आता मुलांच्या परवानगीकडे येऊ. बाप, किंवा हल्ली पुष्कळदा आई, नोकरीवर जाते ती ‘एच-वन-बी’ या परवान्यावर. नवराबायकोपैकी दुसऱ्याला आणि मुलांना मिळतो तो ‘एच-फोर’. मुलाची ही परवानगी वेलीला लागलेल्या काकडीसारखी असते. वेल हिरवी तोवर ती हिरवी. आईबापांची मुदत वाढली की तिची वाढते, साधारणपणे तीन तीन वर्षांनी. परंतु कायद्याने ‘मूल’ म्हणजे कोण, तर अविवाहित आणि एकवीस वर्षांच्या आतले. एकविसावा वाढदिवस उजाडला की वेल कितीही हिरवी असो, काकडी तुटली! ज्या मुलीने वयाच्या चौथ्या वर्षी आईचे बोट धरून त्या देशात पाऊल टाकले, तिला एकविसाव्या वर्षी सांगण्यात येते की, बाई, आता तुझा परवाना तू स्वतः शोध, नाही तर परत जा.

कोणी म्हणेल, एवढ्या वर्षांत ग्रीनकार्ड, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, का मिळत नाही? त्याचा हिशेब असा आहे. नोकरीच्या वाटेने दरवर्षी साधारण १ लाख ४० हजार ग्रीनकार्डे निघतात, आणि त्यांत बायकामुलेही मोजली जातात. कोणत्याही एका देशाच्या वाट्याला त्यांतली शेकडा सातांहून अधिक जाऊ नयेत असा साधारण दंडक आहे. देश एवढासा असो की आपल्याएवढा अफाट असो, शेकडा सात ते सातच. आपली माणसे पुष्कळ, म्हणून आपली रांग लांब. २०२५ साली पदव्युत्तर शिक्षणाच्या वर्गातली भारतीयांची रांग २०१३ सालच्या अर्जांपाशी घुटमळत होती. म्हणजे बारा वर्षे. आता बोटांवर मोजा. २०१३ साली ज्या मुलाचे वय नऊ होते, ते २०२५ साली एकवीस झाले. आईबापांचा नंबर आला, आणि त्याच वर्षी मुलगा रांगेतून बाहेर पडला!

याला थोडा उतारा म्हणून २००२ साली तेथे एक कायदा झाला. आईबापांचा अर्ज सरकारी टेबलावर जितके दिवस पडून राहिला, तितके दिवस मुलाच्या वयातून वजा करतात. त्याने काही मुले तरतात. पण अर्ज मंजूर झाल्यानंतर रांगेत जी वर्षे जातात ती वजा होत नाहीत, आणि आपल्या लोकांचा वेळ जातो तो त्या रांगेत. शिवाय वय कोणत्या तारखेला मोजावयाचे हेही बदलते. २०२३ च्या फेब्रुवारीत ते मुलांना सोयीचे झाले होते, आणि २०२५ च्या ऑगस्टच्या मध्यापासून नव्या अर्जांना ते पुन्हा जुन्या वळणावर गेले. आपल्याकडच्या सरकारी कचेरीत गेल्यावर ‘नियम बदलला’ असे खिडकीतून ऐकावयास मिळते ना, तसेच ते. फरक इतकाच की येथे आपण चरफडत घरी येतो, आणि तेथे घरच राहील की नाही हा प्रश्न असतो.

आमच्या शेजारी नाशिककडचे एक कुटुंब होते. नाव सांगत नाही. थोरली मुलगी चार वर्षांची असताना आली. धाकटा मुलगा तेथेच जन्मला, म्हणून तो जन्मापासून तेथला नागरिक. मुलगी सोळा वर्षांची झाली तेव्हा तिच्या वर्गातल्या मैत्रिणी सुट्टीत आइस्क्रीमच्या दुकानात काम करू लागल्या. तिकडे श्रीमंताघरची मुलेही असे काम करतात, त्यात कोणी कमीपणा मानीत नाही. हीही दुकानदाराकडे गेली. त्याने नंबर मागितला. तेथे काम करणाऱ्या प्रत्येकाला एक सरकारी नंबर लागतो, आणि एच-फोरवरच्या मुलांना काम करण्याची परवानगी नसल्याने तो मिळत नाही. त्या दिवशी त्या पोरीला कळले की आपण मैत्रिणींसारख्या नाही. आईने सांगितले नव्हते, कारण मुलीच्या मनाला लागेल असे आईला वाटत होते.

पुढे मुलगी हुशार निघाली. कॉलेजात प्रवेश मिळाला, पण केंद्र सरकारची मदत मिळेना. एकवीस पुरी होण्याच्या आधी तिने ‘एफ-वन’ या विद्यार्थ्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. ज्या गावात ती बाराखडीऐवजी एबीसी शिकली, त्या गावातल्या कॉलेजात ती परदेशी विद्यार्थिनी ठरली. आणि त्या परवान्याची अट काय, तर शिक्षण संपताच आपण आपल्या देशी परत जाऊ असे पटवून द्यावयाचे. आपला देश कोणता? तिने नाशिक पाहिले होते ते तीन सुट्ट्यांत मिळून चार महिने.

अशात इकडे आजी आजारी पडली. मुलीने परवाना बदलून घेतला होता तो तेथल्या तेथे, अर्जावर. पासपोर्टात विद्यार्थ्याच्या व्हिसाची चिठ्ठी नव्हती. देशाबाहेर पाय टाकला म्हणजे मुंबईच्या वकिलातीत उभे राहून ती नव्याने मागावयाची, आणि अधिकाऱ्याला वाटले की ही परत यावयाची नाही, तर तो नाही म्हणू शकतो. वकील म्हणाला, ‘जावयाचे तर जा, पण परत येशीलच असे मी सांगू शकत नाही.’ बाप एकटा आला. मुलगी रोज रात्री टेलिफोनवरच्या पडद्यावर आजीशी बोलत असे. आजी शेवटपर्यंत विचारीत होती, ‘विमानाला पैसे नाहीत का गं? मी धाडते.’ या म्हातारीला कोणी कधी सांगितलेच नव्हते की नातीला अडविते आहे ते पैशाने नव्हे, कागदाने.

मुलगी तेवीस वर्षांची झाली तेव्हा आईबापांना ग्रीनकार्ड मिळाले. आता त्या घरात एका टेबलावर जेवणारी चार माणसे तीन कायद्यांखाली राहतात. मुलगा नागरिक, आईबाप कायमचे रहिवासी, आणि मुलगी विद्यार्थिनी. शिक्षण संपल्यावर तिला नोकरीसाठी एक वर्ष मिळेल, विज्ञान किंवा इंजिनिअरिंग असेल तर आणखी दोन. त्यापुढे पुन्हा बापाच्याच वाटेने एच-वन-बी. त्याच्या जागा वर्षाला ८५ हजार, आणि मागणारे त्याहून पुष्कळ अधिक. बापाने ज्या रांगेत वीस वर्षे काढली, त्या रांगेच्या शेपटाला मुलगी जाऊन उभी राहावयाची. अशी मुले तेथे दोन लाखांवर आहेत असा त्यांच्यासाठी खटपट करणाऱ्यांचा अंदाज आहे. त्यांच्यासाठी २०२१ साली तेथल्या संसदेत एक विधेयक दोन्ही पक्षांच्या सभासदांनी मिळून मांडले, पुढेही मांडले, पण नुसते मांडल्याने कायदा होत नाही.

आता दुसऱ्या प्रकारच्या मुलांकडे वळते. त्यांच्याशी आपला संबंध थोडा, पण त्यांची गोष्ट कळल्याखेरीज आपल्या मुलांची पुरती कळणार नाही. ही मुले बहुतेक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. आपल्या देशातलीही आहेत, पण थोडी. आईबापांनी त्यांना परवानगीवाचून आणले, किंवा आणल्यावर परवानगी संपू दिली. १९८२ साली तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अशा मुलांना सरकारी शाळेची दारे बंद करता येणार नाहीत. त्यामुळे ही मुले शाळेत जातात, झेंड्याला वंदन करतात, आणि पुष्कळांना मोटार चालविण्याचा परवाना मागण्याच्या वयापर्यंत आपल्याजवळ कागद नाहीत हे ठाऊकही नसते.

त्यांच्यासाठी १५ जून २०१२ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी एक योजना जाहीर केली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार ‘डाका’ असा होतो. आपल्या कानाला हा शब्द भलताच लागतो, पण येथे कोणी कोणास लुटीत नाही. जे वयाच्या सोळा वर्षांच्या आत आले, १५ जून २००७ पासून सतत तेथे राहिले, योजनेच्या दिवशी एकतीस वर्षांच्या आत होते, शाळा शिकत होते किंवा शिकले होते आणि ज्यांच्यावर मोठा गुन्हा नव्हता, त्यांना दोन वर्षे देशाबाहेर काढावयाचे नाही आणि काम करू द्यावयाचे, अशी ती योजना. ग्रीनकार्ड नाही, नागरिकत्व नाही. फक्त दोन वर्षे. मग पुन्हा अर्ज, पुन्हा दोन वर्षे.

या नूतनीकरणाचे वर्णन ऐका. मुदत संपण्याच्या आधी १५० ते १२० दिवस या एका महिन्यात अर्ज जावा अशी सरकारची सूचना आहे. तीन फॉर्म, जुन्या कार्डाची नक्कल, फोटो, मग बोलावतील तेव्हा बोटांचे ठसे. फी २०१२ साली ४६५ डॉलर होती. २०२४ च्या एप्रिलपासून ती ऑनलाइन भरल्यास ५५५ आणि कागदावर भरल्यास ६०५ झाली. नवे कार्ड येण्याच्या आत जुन्याची तारीख उलटली, तर मालकाला त्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. बहुतेक राज्यांत मोटारीचा परवानाही त्याच तारखेला बांधलेला. म्हणजे पगार गेला, आणि दुसरा शोधावयास जाण्याची मोटारही गेली. मुदत संपून वर्ष लोटले तर नूतनीकरण होत नाही, अर्ज नवा धरतात. आणि नव्या अर्जांना २०२१ च्या जुलैमध्ये टेक्सासच्या न्यायालयाच्या निकालापासून मंजुरी मिळणे थांबले. म्हणून टपालात हरवलेला एक लिफाफा माणसाचे आयुष्य हरवू शकतो.

ही योजना संसदेने केलेली नसल्यामुळे तिचे आयुष्यही कोर्टाच्या तारखांवर चालले आहे. ५ सप्टेंबर २०१७ रोजी तेथल्या सरकारने ती बंद करण्याचे जाहीर केले, आणि ज्यांची मुदत लवकर संपत होती त्यांना नूतनीकरणासाठी ५ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे फक्त एक महिना दिला. त्या महिन्यात मुलांनी फीसाठी उसनवारी केली, देवळे-चर्चांतून वकील फुकट अर्ज भरीत बसले. पुढे कोर्टांनी बंदी अडविली, १८ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की ज्या रीतीने योजना बंद केली ती रीत कायद्याला धरून नव्हती. त्यानंतर टेक्सासचा खटला आला, आणि १७ जानेवारी २०२५ च्या अपील कोर्टाच्या निकालानंतरही जुन्यांचे नूतनीकरण तेवढे चालू राहिले. २०१२ पासून आठ लाखांहून अधिक जणांना या योजनेचा लाभ झाला, २०२४ साली सव्वापाच लाखांवर माणसे तिच्याखाली होती. त्यांना अजून ‘मुले’ म्हणतात. वास्तविक त्यांतली थोरली आता चाळिशी ओलांडून गेली आहेत, त्यांची स्वतःची मुले हायस्कुलात आहेत. तरी दर दोन वर्षांनी त्यांनी सिद्ध करावयाचे की आपण येथलेच.

आता यातली गंमत पाहा, अर्थात गंमत म्हणावी अशी ती नाही. योजनेची एक अट अशी की १५ जून २०१२ रोजी मुलाजवळ कायदेशीर परवानगी नसावी. आपल्या एच-फोरवरच्या मुलांजवळ ती होती! त्यांच्या आईबापांनी कर भरले, तारखा पाळल्या, वकिलांची बिले चुकविली, आणि त्याच कारणाने मुले योजनेबाहेर राहिली. हे ऐकून आपल्या काही लोकांना त्या मेक्सिकन मुलांचा राग येतो. मला तो पटत नाही. दोन्ही घरची पोरे विचारून आणलेली नव्हती. एकीला वाळवंट ओलांडून आणले, दुसरीला विमानाच्या खिडकीपाशी बसवून. कायदा मोठ्यांच्या वागण्यासाठी लिहिलेला असतो, आणि मूल मोठे झाले की त्याच्या वाट्याला आईबापांच्या वागण्याचा हिशेब येतो, एकीकडे त्यांच्या चुकीचा, दुसरीकडे त्यांच्या शिस्तीचासुद्धा. मूल म्हणून आलेल्याला मूल म्हणून वागविणारा कायदा हवा, ही मागणी दोघांचीही आहे.

तो कायदा आपल्या हातात नाही. पण आपल्या हातात काय आहे ते सांगते, आणि माझ्या बोलण्याचे सार तेच आहे. ज्याचा कागद त्याला तो वेळेवर समजला पाहिजे. अठरा वर्षांपर्यंत तेथला कायदा मुलाच्या बेकायदा राहण्याचे दिवस मोजीत नाही, अठरा पुरी झाली की मोजू लागतो. १८० दिवसांवर असे राहून देश सोडला तर तीन वर्षे, आणि वर्षभर राहून सोडला तर दहा वर्षे पुन्हा येण्यास बंदी. म्हणजे कायदा ज्या वयाला मुलाशी थेट बोलू लागतो, त्याच्या आधी आईबापांनी बोललेले असावयास हवे. मुलीला शहाणपण आले की आपण तिला बाजूला घेऊन चार गोष्टी समजावून सांगतो. त्यातलीच ही पाचवी गोष्ट समजा. पंधराव्या वर्षी तिला तिची आय-९४ स्वतः उघडून पाहावयास शिकवावे, तारीख तिच्या हाताने कॅलेंडरवर लिहवून घ्यावी, पासपोर्टाची तारीख शेजारी लिहावी. ‘मनाला लागेल’ म्हणून लपविले, तर तेच सत्य तिला दुकानदाराच्या तोंडून ऐकावे लागते, आणि ते अधिक लागते.

तिकडे लेकी-सुना हे करतील. इकडे आपण काय करावे?

एक म्हणजे जन्माचा दाखला. आपल्याकडे बाळंतपण होताच दवाखान्यातून नोंद जाते, आणि बारसे होते बाराव्या दिवशी किंवा पुढे सवडीने. त्यामुळे कित्येक दाखल्यांवर बाळाचे नावच नसते. ते नाव नंतर घालता येते, पण नियमाने पंधरा वर्षांच्या आत. तेथे ग्रीनकार्डाच्या वेळी बाळाचे नाव, आईबापांची नावे, तारीख, गाव, सारे जुळलेले लागते. दुसरी आपली हौस म्हणजे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची. माहेरचे नाव शाळेच्या दाखल्यावर, सासरचे नाव बाळाच्या दाखल्यावर, आणि पासपोर्टावर तिसरेच! ते जुळविण्यासाठी प्रतिज्ञापत्रे करीत बसावे लागते. ज्यांची नातवंडे येथे जन्मली आणि तिकडे गेली, त्यांनी घरी जाताच तो दाखला काढून पाहावा. तिकडून घाईचा फोन आल्यावर महापालिकेत खेटे घालणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे.

दुसरे, बोलावणी. ‘मामाच्या लग्नाला यायलाच हवं’ असे आपण हक्काने म्हणतो. त्या हक्काला मी नावे ठेवीत नाही. पण आधी विचारावे, ‘येऊन परत जाण्यात काही अडचण नाही ना?’ डाकाखालच्या मुलांना तर बाहेर जाण्याआधी खास परवानगी काढावी लागते, ती शिक्षण, नोकरी किंवा घरच्या आजारपणासारख्या कारणासाठीच मिळते, आणि ती न घेता गेल्यास सारे संपते. नात आली नाही म्हणजे ती बदलली, तिला माया राहिली नाही, असा अर्थ लगेच काढू नये.

तिसरे, लग्न. ‘आता यंदा उरकून टाका’ हे आपले आवडते वाक्य. एच-फोरवरच्या मुलीचे लग्न झाले की ती कायद्याने ‘मूल’ राहत नाही. ग्रीनकार्डवाल्या आईबापांनी एकवीस वर्षांवरच्या मुलीसाठी अर्ज केला असेल, आणि आईबाप नागरिक होण्याआधी तिने लग्न केले, तर तो अर्ज बाद होतो, वर्षांची रांग वाया जाते. तेव्हा मुहूर्त गुरुजींना विचारण्याआधी एकदा वकिलास विचारावा, म्हणजे अक्षता टाकताना मन स्वस्थ राहील.

चौथे, सल्ला. ‘आमच्या भाच्यानं असं केलं होतं’ या धर्तीचा सल्ला कृपा करून देऊ नका. दोन मुलांचे कागद सारखे दिसतात आणि सारखे नसतात. फॉर्म सरकारच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. सल्ला द्यावा तो वकिलाने किंवा तेथल्या सरकारने मान्यता दिलेल्या संस्थेच्या माणसाने. ‘ओळखीनं काम करून देतो’ म्हणणारे तिकडेही असतात, आणि त्यांच्या हाती गेलेले पैसे आणि महिने परत येत नाहीत. आणि नियम बदलत असतात, म्हणून मी आज सांगितलेलेही पुन्हा विचारूनच वापरावे.

पाचवे, आपली जीभ. चार बायकांत ‘अजून ग्रीनकार्ड नाही झालं?’ असे विचारणे हे ‘अजून पाळणा नाही हलला?’ असे विचारण्यासारखेच आहे. विचारणारीला त्याचे काही नसते, ऐकणारीची ती रात्र झोपेवाचून जाते. आपण हे दुसरे विचारणे बरेच कमी केले आहे. पहिलेही कमी करता येईल.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. तिकडे जन्मलेली काही मुले आईबापांबरोबर इकडे परत आली आहेत, आपल्या सोसायट्यांतून राहतात, आपल्या शाळांत शिकतात. त्यांचा पासपोर्ट परदेशी, आणि येथे राहण्यासाठी ओसीआय नावाची नोंदणी असते. २०२१ साली तिचे नियम सोपे झाले, तरी वीस वर्षे पुरी झाल्यावर नवा पासपोर्ट निघाला की एकदा ती नोंदणी नव्याने करून घ्यावी लागते, चेहरा बदललेला असतो म्हणून. त्याआधी प्रत्येक नव्या पासपोर्टाची नक्कल आणि नवा फोटो चढवावा लागतो. आपल्या पोराला येथे जे एकदाच करावे लागते आणि तरी आपण कुरकुरतो, ते तिकडे कोणी दर दोन वर्षांनी करीत आहे, एवढे ध्यानात राहिले तरी पुरे.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपण दर वर्षी हळदीकुंकू करतो, वाणे लुटतो. यंदा त्याच्या आदल्या आठवड्यात एक दुपार कागदांसाठी ठेवावी. ज्यांची मुले-नातवंडे बाहेर आहेत त्यांनी जन्माचे दाखले, लग्नाचे दाखले, शाळेचे दाखले घेऊन यावे. नावे जुळतात का पाहू, ज्यात उणे असेल त्याची यादी करू, आणि महापालिकेत कोणत्या खिडकीवर जावयाचे हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी इतरांबरोबर जावे. त्याला खर्च काही नाही, चहाचा काय तो. आपल्या मंडळाने इतकी वर्षे एकमेकींची बाळंतपणे, आजारपणे निभावली, त्यापुढे हे काम अवघड नाही. मी त्या दुपारी दोन वाजल्यापासून येथे असेन.